खांबाला बांधलेला शेतकरी

आर्चिबाल्ड बॅक्स्टर यांचे ‘वुई विल नॉट सीज’ हे आत्मकथन १९३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी दुसऱ्या महायुद्धाला तोंड फुटले. पुस्तकाच्या बऱ्याचशा प्रती लंडनवरील बॉम्बवर्षावात जळून गेल्या. न्यूझीलंडमध्ये ते पुन्हा छापले गेले ते १९६८ साली, लेखकाच्या निधनाच्या दोनच वर्षे आधी.

बॅक्स्टर हे ओटागो प्रांतातले शेतकरी. १९१६ च्या कायद्याने न्यूझीलंडमध्ये सक्तीची सैन्यभरती सुरू झाली. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र नाकारणाऱ्यांना कायद्यात सवलत होती. पण ती कोणाला? ज्या पंथांनी युद्धापूर्वीच शस्त्रत्याग हे आपले तत्त्व म्हणून जाहीर केले होते, त्यांच्याच सभासदांना. बॅक्स्टर ख्रिस्ताच्या शिकवणीचा आधार घेत होते. मात्र अशा कोणत्याही पंथाच्या वहीत त्यांचे नाव नव्हते. वहीत नाव नाही, तेव्हा विवेकही नाही, असा तो न्याय! आपली श्रद्धा दप्तरात नोंदलेली असते या समाधानात वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना हे प्रकरण वाचताना बरे वाटत नाही.

जुलै १९१७ मध्ये त्यांच्यासह चौदा जणांना वेलिंग्टनहून जबरदस्तीने युरोपकडे रवाना करण्यात आले. त्यांत बॅक्स्टर यांचे दोन सख्खे भाऊ होते. यॉर्कशरमध्ये जन्मून न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेले मार्क ब्रिग्स हेही होते. पुढे युद्धभूमीवर ब्रिग्स यांना बांधून फळ्यांच्या वाटेवरून व पाण्याने भरलेल्या खड्ड्यांतून फरफटत नेण्यात आले. त्यांची पाठ सोलून निघाली. शेवटपर्यंत न झुकलेले असे दोघेच, ब्रिग्स आणि बॅक्स्टर.

बॅक्स्टर यांच्या वाट्याला ‘फील्ड पनिशमेंट नंबर वन’ ही शिक्षा आली. खांब पुढे कललेला. हात मागे आवळलेले, गुडघे व पाय जखडलेले. त्यामुळे शरीराचा भार दोरांवर येई आणि हातांतले रक्त थांबे. सैनिक या शिक्षेला ‘क्रूसावर देणे’ म्हणत. १९१९ साली हॅरी हॉलंड यांनी याच माणसांवर पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच कालवारी आहे. ती तुलना आपल्या मनातही लगेच उभी राहते. परंतु बॅक्स्टर यांचे लक्ष असते ते दोर, थंडी, बर्फ आणि दुखणारे खांदे यांवर. या संयमामुळेच वर्णन अधिक विदारक होते. हुतात्म्याची प्रभावळ त्यांच्याभोवती रेखाटण्याची घाई वाचकाने करू नये, असे मला वाटते.

हे आत्मकथन त्यांनी तोंडी सांगितले व पत्नी मिलिसेंट यांनी लिहून घेतले. मिलिसेंट प्राध्यापकाच्या कन्या, केंब्रिजला शिकलेल्या. तरी नवऱ्याच्या साध्या बोलीवर त्यांनी अलंकार चढवले नाहीत, हे त्यांचे श्रेय. पुस्तकात अधिकाऱ्यांचे क्रौर्य आहे, तसे चोरून अन्न देणारे, आपुलकीने बोलणारे सामान्य शिपाईही आहेत. लढायला गेलेल्यांचा उपमर्द करून लेखकाने स्वतःला मोठे केलेले नाही. ज्यांच्या घरात फौजेतल्या माणसाचा फोटो भिंतीवर आहे, त्यांनीही हे पुस्तक निःशंकपणे वाचावे.

उणीव आहे ती निराळीच. ज्या शेतातून हा माणूस उचलला गेला, ते शेत पुस्तकात फारसे दिसत नाही. त्याच्या प्रार्थनेविषयी, भीतीविषयीही तो कमी बोलतो. ऑस्ट्रियाचे शेतकरी धन्य फ्रान्झ येगरश्टेटर यांच्या पत्रांत त्यांचे अंतर्मन उघडे होते. येथे वाचकाला दाराबाहेरच थांबावे लागते. १९१८ मध्ये वेडा ठरवून बॅक्स्टर यांना मायदेशी परत पाठवले गेले. शहाण्या माणसाला हा शिक्का कसा बोचला असेल, यावर आणखी चार पाने हवी होती.

पुढची हकीकत पुस्तकाबाहेरची आहे. थोरला मुलगा टेरेन्स यानेही दुसऱ्या महायुद्धात शस्त्र नाकारले आणि चार वर्षांहून अधिक काळ स्थानबद्धतेत काढला. धाकटा जेम्स कवी झाला व १९५८ साली कॅथलिक झाला. उतारवयात आर्चिबाल्ड आणि मिलिसेंट यांनीही कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. ज्याचे नाव कोणत्याच वहीत नव्हते, त्याचे नाव अखेर आपल्या वहीत आले.