संगीत महोत्सवाचे वाढते आकर्षण आणि रागाचा हरवलेला प्रहर : ‘सवाई गंधर्व’ महोत्सवाच्या संदर्भात

प्रास्ताविक :
गेल्या दोन दशकांत संगीत महोत्सव हा नागर जीवनाचा एक महत्त्वाचा सांस्कृतिक घटक झाला आहे. २००७ साली गोव्यात सुरू झालेला ‘सनबर्न’ आणि २०१० साली पुण्यात सुरू झालेला ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ ही या वाढीची ठळक उदाहरणे होत. शास्त्रीय संगीताच्या क्षेत्रात मात्र हे आकर्षण पुष्कळ जुने आहे. प्रस्तुत लेखात पुण्यातील ‘सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवा’च्या आधारे या आकर्षणाची चिकित्सा करावयाची आहे.

स्मरणातून महोत्सवाकडे :
किराणा घराण्याचे गायक रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांचे १९५२ मध्ये निधन झाले. त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ त्यांचे शिष्य पं. भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून हा उत्सव सुरू केला. सवाई गंधर्वांचे गुरू उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या पुण्यतिथीला मिरजेच्या दर्ग्यात आजही संगीतसेवा होते. म्हणजेच या महोत्सवाचे मूळ गुरुस्मरणात आहे, करमणुकीच्या व्यवसायात नाही. भीमसेनजींच्या २०११ मधील निधनानंतर त्यांचेही नाव महोत्सवाला जोडले गेले.

आकर्षणाचे स्वरूप :
या महोत्सवाला जाणारा प्रत्येक जण रागदारीचा जाणकार असतो, असे म्हणता येणार नाही. मंडपाबाहेरील खाद्यपदार्थ, भेटीगाठी, थंडीतील शाली आणि ‘आम्ही सवाईला गेलो होतो’ हे सांगण्यातील अभिमान, हे सारे या आकर्षणाचे घटक आहेत. त्यामुळे काही रसिक याला ‘जत्रा’ म्हणून हिणवतात. हा आक्षेप अपुरा वाटतो. भारतीय बैठकीवर शेजारी बसलेल्या जाणत्या श्रोत्याची मान कोणत्या समेला हलते, ‘वाहवा’ कोणत्या जागेला उमटते, हे पाहतच नवखा श्रोता घडतो. गर्दी ही येथे श्रवणाची शाळाही असते. ध्वनिमुद्रिका सहज उपलब्ध असण्याच्या काळातही लोक मंडपात येतात, ते या सहश्रवणासाठीच.

प्रहराचा प्रश्न :
खरी हानी वेगळीच आहे. रमणबागेच्या प्रांगणातील हा महोत्सव पूर्वी रात्रभर चालत असे. दरबारी, मालकंस मध्यरात्रीच्या आसपास आणि ललित, भटियार पहाटे ऐकावयास मिळत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० आणि त्यांच्या अंमलबजावणीवर भर देणारा सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निर्णय यांमुळे रात्री १० नंतर खुल्या जागी ध्वनिक्षेपक वापरण्यावर बंधन आले. वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळू शकते, परंतु उत्तररात्र आणि पहाट महोत्सवातून गेली ती गेलीच.

यासाठी कायद्यास दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. शेजारच्या घरातील रुग्णाची व विद्यार्थ्याची झोप हाही हक्कच आहे. शिवाय नियमांनी बंदिस्त सभागृहातील ध्वनिक्षेपकास रात्रीही मुभा ठेवली आहे. बंधन आहे ते खुल्या मंडपावर, आणि खुला मंडप अपरिहार्य ठरतो तो हजारोंच्या उपस्थितीमुळे. म्हणजेच ज्या आकर्षणाने महोत्सव मोठा केला, त्याच आकर्षणाने त्याची रात्र हिरावून घेतली, असे म्हणावे लागते. रागसमय ही केवळ रूढी आहे, असे काही अभ्यासक मानतात. तसे मानले, तरी एकाच दिवशी पाच-सहा कलावंतांना ठरावीक वेळात बसविताना विलंबित ख्यालाचा विस्तारही आक्रसतो, हे नाकारता येत नाही.

समारोप :
२०१८ पासून हा महोत्सव मुकुंदनगर येथील महाराष्ट्रीय मंडळाच्या विस्तीर्ण क्रीडासंकुलात होत आहे. विस्ताराला जागा मिळाली, प्रहराला मिळाली नाही. मोठ्या मंडपासोबतच एखाद्या बंदिस्त सभागृहात मोजक्या श्रोत्यांसाठी एक उत्तररात्रीची, पहाटेपर्यंत चालणारी बैठक योजणे नियमांच्या चौकटीत अशक्य नाही. तिकीटविक्रीच्या दृष्टीने ती तोट्याची ठरेल. परंतु दरबारी केवळ संध्याकाळी ऐकलेली श्रोत्यांची एक पिढी आज तिशीच्या उंबरठ्यावर आहे. महोत्सवाचे यश उपस्थितीच्या आकड्यांवर मोजताना या पिढीच्या कानांना काय मिळाले नाही, याचीही नोंद समीक्षेने घेतली पाहिजे.