खांबांवरची नावे

१८ ऑक्टोबर १९२४. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियमचा अर्पणसोहळा. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या विद्यापीठातल्या माणसांची आठवण म्हणून हे स्टेडियम बांधले होते. समोर मिशिगनचा संघ होता. खेळ सुरू होताच यजमानांच्या रेड ग्रेंजने चेंडू घेतला आणि ९५ यार्ड धावून टचडाउन केला. पहिल्या बारा मिनिटांत त्याने असे चार टचडाउन केले. इलिनॉय ३९-१४ ने जिंकले. अमेरिकन फुटबॉलच्या (आपल्या फुटबॉलशी त्याचे नाते नावापुरतेच) इतिहासात हा दिवस हमखास सापडतो, पण ग्रेंजच्या नावाखाली. स्मारकाचे अर्पण 'त्याच दिवशी' एवढ्या दोन शब्दांत आटोपते. मला या दोन शब्दांविषयी लिहायचे आहे.

अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर तिथल्या चौकाचौकांत बंदूकधारी सैनिकाचे पुतळे उभे राहिले. त्यांतले कित्येक कारखान्याच्या यादीतून निवडून मागवलेले. १९१८ नंतर या पुतळ्यांचा कंटाळा आला आणि 'जिवंत स्मारका'ची कल्पना पुढे आली: मृतांच्या नावाने सभागृह बांधा, ग्रंथालय बांधा, लोकांच्या उपयोगी पडेल असे काहीतरी करा. नेमक्या त्याच वर्षांत विद्यापीठांच्या सामन्यांना जुनी लाकडी प्रेक्षागारे अपुरी पडत होती. कॅन्सस, नेब्रास्का, कॅलिफोर्निया, टेक्सास, मिनेसोटा, सगळीकडे त्या चार-पाच वर्षांत 'मेमोरियल' स्टेडियमे झाली. याला ढोंग म्हणायला मी तयार नाही. दुःख खरे होते, जागेची टंचाईही खरी होती. पण वर्गणी गोळा करताना दोन्ही एकाच तोंडाने बोलू लागली. इलिनॉयमध्ये क्रीडासंचालक जॉर्ज हफ यांनी १९२१ मध्ये मोहीम उघडली, आजी-माजी विद्यार्थ्यांनी पैसे दिले आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये, बांधकाम पुरते संपण्याआधीच, शिकागोविरुद्ध पहिला सामना झालादेखील.

वास्तुरचनाकार होलाबर्ड अँड रोश यांनी मात्र स्मारक मनावर घेतले होते. पूर्व आणि पश्चिम अंगांना मिळून दोनशे खांब. नाव कोरायचे ते एका खांबावर एकच. युद्धस्मारकावर नावे सहसा यादीत येतात, दाटीवाटीने, आडनावांच्या क्रमाने. इथे प्रत्येकाला स्वतःचा खांब मिळाला, आणि त्यांत एक स्त्रीही आहे. मेलेल्या माणसाला इतकी ऐसपैस जागा देणारी स्मारके मला फार आढळलेली नाहीत. मी ही वास्तू छायाचित्रांतून आणि आराखड्यांतूनच पाहिली आहे. तेवढ्यावरूनही एक गोष्ट लक्षात येते. खांब बाहेरच्या दर्शनी बाजूला आहेत आणि प्रेक्षक आत, मैदानाकडे तोंड करून बसतो. म्हणजे नावे त्याच्या पाठीशी. ही पाठ त्याने जाणूनबुजून फिरवलेली नाही, त्याची खुर्चीच तशी मांडलेली आहे.

पुढचा इतिहास हा नावांवर नावे चढण्याचा आहे. १९६६ मध्ये मैदानाला प्रशिक्षक झुप्के यांचे नाव मिळाले. २००९ मध्ये ग्रेंजचा पुतळा आला. म्हणजे ज्याला कंटाळून स्टेडियम बांधले तो पुतळाच परत आला, फक्त सैनिकाऐवजी खेळाडूचा. टेक्सासमध्ये १९९६ साली 'मेमोरियल'च्या आधी प्रशिक्षक डॅरेल रॉयल यांचे नाव लागले. २०२५ मध्ये इलिनॉयचे माजी विद्यार्थी लॅरी गीस यांनी १० कोटी डॉलर दिले आणि स्टेडियम 'गीस मेमोरियल' झाले. हे नाव त्यांच्या वडिलांच्या सन्मानार्थ आहे आणि ते वडील लष्करात होते, त्यामुळे औचित्य सांभाळले गेले असे म्हणता येईल. मला ते पुरेसे वाटत नाही. आता नाव वाचणाऱ्याला हे स्मारक गीस यांचेच वाटणार. 'स्मारक' हा शब्द जागेवर राहिला, तो कुणाचे हे सांगणारा भाग बदलला. खांबांवरच्या माणसांनी देणगी दिली नव्हती, म्हणून दारावरच्या पाटीवर त्यांना कधीच जागा नव्हती.

यावर कुणी विचारील, मग निरुपयोगी स्मारकांचे काय झाले? प्रश्न रास्त आहे. त्याच युद्धातल्या मृतांसाठी बांधलेल्या इंडिया गेटवर हजारो नावे आहेत आणि लोक त्याच्या परिसरात आइस्क्रीम खातात. पुण्यात मी स्वतः वर्षानुवर्षे 'टिळक स्मारकला प्रयोग आहे' असे बोलत आलो. त्या वाक्यात टिळक कुठे होते? उपयोगामुळे निदान इमारतीची डागडुजी होते, छप्पर शाबूत राहते. स्टेडियममध्ये फुटबॉल खेळतात ही माझी तक्रार नाहीच. वर्षाकाठी काही तास साठ-साठ हजार माणसे तिथे जमतात, आणि एवढा श्रोतृवर्ग जगातल्या कुठल्या स्मारकाला लाभतो?

मी सहज हिशेब मांडून पाहिला. घरच्या मैदानावर वर्षाला सहा-सात सामने धरू. प्रत्येक सामन्याआधी एका खांबावरचे नाव मोठ्याने वाचायचे. सगळी नावे व्हायला तीसेक वर्षे लागतात. १९२४ च्या त्या शनिवारी, ग्रेंजने चेंडू घेण्याआधी सुरुवात केली असती, तर आज चौथी फेरी चालू असती.