असिसी येथील भित्तिचित्रें व जोत्तोचें कर्तृत्व

इटलीच्या उंब्रिया प्रांतांत, सुबासिओ डोंगराच्या उतारावर, असिसी हें नगर वसलें आहे. तेथील संत फ्रान्सिस इ. स. १२२६ त निवर्तला. १२२८ च्या जुलैंत पोप नववा ग्रेगरी यानें त्यास संतपद दिलें व दुसऱ्याच दिवशीं त्याच्या स्मारकमंदिराचा पाया घातला. हें मंदिर दुमजली असून वरच्या मजल्याच्या भिंतींवर संताच्या चरित्रांतील अठ्ठावीस प्रसंग ओल्या गिलाव्यावर रंगविलेले आहेत. हीं सर्व चित्रें जोत्तोचीं, असें सामान्यतः सांगण्यांत येतें. या विधानास आधार काय, तें तपासणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम लेखी पुरावा पाहूं. चित्रकारांचा चरित्रलेखक वासारी यानें आपल्या ग्रंथाच्या १५६८ च्या आवृत्तींत हीं चित्रें जोत्तोचीं म्हणून नमूद केलीं. परंतु तोंपर्यंत अडीचशेंहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. शिवाय प्रसंगांची संख्याही तो बत्तीस देतो. अशा लेखाची योग्यता आमच्याकडील उत्तरकालीन बखरीहून अधिक मानतां येत नाहीं. फेरारा येथील रिकोबाल्डो याची नोंद मात्र समकालीन, म्हणजे १३१३ च्या सुमाराची आहे. तींत असिसीच्या फ्रान्सिसपंथी मंदिरांत जोत्तोचें काम आहे एवढेंच सांगितलें आहे. कोणत्या भिंतीवर, हें सांगितलेलें नाहीं. जोत्तोच्या संप्रदायाचीं चित्रें खालच्या मजल्यावरही आहेत. म्हणून ही नोंद अस्सल असली तरी निर्णायक नव्हे.

दुसरें प्रमाण शैलीचें. पादुआ येथील अरेना मंदिरांतील चित्रांशीं ताडून रिंटेलन यानें १९१२ त व ऑफ्नर यानें १९३९ त असिसीचें कर्तृत्व जोत्तोस नाकारलें; इटालियन पंडित बहुधा त्याच्याच पक्षाचे. अक्षराच्या वळणावरून लेखक ओळखावा तसा हा प्रकार आहे. जेथें गुरूचें वळण अनेक शिष्य गिरवितात, तेथें तो फसवा ठरतो.

तिसरा पुरावा खुद्द भिंतीचा. गिलाव्याचे सांधे तपासून टिंटोरी व माइस यांनीं १९६२ त दाखविलें कीं, हें काम सुमारें २७२ दिवसांचें असून त्यांत अनेकांचे हात होते, व क्रमानें पहिला असलेला प्रसंग अखेरीस रंगविला गेला. त्या प्रसंगांत एक भोळा नागरिक फ्रान्सिसच्या पायांखालीं आपला झगा अंथरीत आहे; मागें असिसीच्या चौकांत आजही उभें असलेलें मिनर्व्हेचें प्राचीन देऊळ आहे. देवळास खांब सहा. चित्रकारानें पांच, तेही सडपातळ, काढले आहेत. संताची कथा लोकांच्या ओळखीच्या चौकांत आणण्याचें हें धाडस आम्हांस थोर वाटतें. परंतु याच चित्राचा हात इतरांहून वेगळा, असें बहुतेक अभ्यासक मानतात.

सारांश, जोत्तोचा येथील संबंध संभवनीय आहे. सर्व चित्रें एकट्या त्याचीं, हें सिद्ध नाहीं. २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपांत याच मजल्याच्या छताचा भाग कोसळून चार माणसें दगावलीं, व तेथील चित्रांचे असंख्य तुकडे ढिगाऱ्यांतून वेंचून जुळवावे लागले. प्रसंगचित्रें बचावलीं हें सुदैव. या वादांतील सर्वांत विश्वसनीय कागद म्हणजे ही भिंतच होय; आणि तिची नक्कल कोणत्याही दप्तरांत नाहीं. नांवाचा आग्रह धरण्यापूर्वीं तिचें रक्षण व बारकाईनें वाचन व्हावें, असें आमचें मत आहे.