आठ जणांचा ‘मी’

विषय ‘शाळेतलं गटकार्य’ असा जाहीर झालाय, पण मी आज एका पुस्तकावर बोलणार आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते ‘प्रिय बाई’ या नावाने मराठीत वाचलं असेल. मूळ इटालियन, 1967 सालचं. फ्लॉरेन्सच्या उत्तरेला डोंगरात बार्बियाना म्हणून एक वाडी आहे. विखुरलेली घरं आणि एक चर्च, बस. 1954 च्या डिसेंबरात लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूला तिकडे धाडलं गेलं. त्याने चर्चच्याच जागेत शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. त्यातली कितीतरी सरकारी शाळेत नापास झालेली. सुट्टी अशी नाहीच, रविवारीसुद्धा. नापास करणाऱ्या एका बाईंना या मुलांनी लिहिलेलं लांबलचक पत्र म्हणजे हे पुस्तक.

त्याच्यावर आपल्याकडे जे बोललं जातं ते गरीब-श्रीमंत, परीक्षा, गळती याबद्दल. ते बरोबरच आहे. पण हे पुस्तक स्वतःच एक गटकार्य आहे, याकडे आपण बघतच नाही. आठ मुलांनी मिळून ते लिहिलं. शाळा संपवून कामाला लागलेली मुलं रविवारी येऊन हातभार लावायची. आणि वाचताना? एकच मुलगा बोलतोय असं वाटतं. पुस्तकभर ‘मी’ आहे. आठ जणांचा एक ‘मी’. समीक्षक म्हणून मला हे फार विलक्षण वाटतं, कारण समितीने लिहिलेलं गद्य कसं असतं ते आपल्याला ठाऊक आहे. (हशा) एकाही वाक्याला धनी नसतो.

मग हे कसं जमलं? पुस्तकातच मुलांनी कृती सांगितली आहे. प्रत्येकाच्या खिशात वही. सुचेल ते वेगळ्या कागदावर टिपायचं. मग एक दिवस सगळे कागद मोठ्या टेबलावर पसरायचे. दोनदा आलेले बाजूला काढायचे, एकमेकांशी नातं असलेल्यांचे गठ्ठे लावायचे. गठ्ठ्याचं होतं प्रकरण. कात्री, डिंक, रंगीत पेन्सिली. आणि मग खरी मजा, म्हणजे शब्द उडवायची शर्यत. जादा विशेषण, पुनरुक्ती, अवघड शब्द, लांबलेलं वाक्य, खोटं विधान, जे सापडेल ते काढायचं. शेवटी बाहेरच्या माणसांना वाचायला द्यायचं, शक्यतो कमी शिकलेल्यांना. समजत नाही म्हणाले तर बदलायचं. जपून लिहा म्हणाले तर ऐकायचं नाही!

यात काम वाटून दिलेलं कुठेच नाही, हे लक्षात घ्या. प्रस्तावना तू लिही, चित्रं ती काढेल, असा प्रकार नाही. सगळे सगळ्यांच्या वाक्यावर बसलेत.

इथे थोडं विषयांतर करतो. माक्स रिंगेलमान नावाचे फ्रेंच शेती-अभियंते होते. माणसांना दोर ओढायला लावून त्यांनी जोर मोजला, ते आकडे 1913 मध्ये प्रसिद्ध झाले. आठ जण मिळून ओढायला लागले की एकूण जोर आठ जणांच्या वेगवेगळ्या जोराच्या बेरजेच्या निम्म्यावर येत होता. काही जोर वेळ न जुळल्यामुळे वाया जातो, काही माणूस हात आखडता घेतो म्हणून. पुढे 1979 मध्ये लाताने आणि सहकाऱ्यांनी टाळ्या आणि आरडाओरडा यांवर प्रयोग केले, तेव्हाही हात आखडणं दिसलंच. मात्र कोणी किती आवाज केला हे वेगळं कळणार असलं, की ते जवळजवळ नाहीसं होतं, असं त्यांच्या पुढच्या प्रयोगात दिसलं.

मग बार्बियानाचं कोडं असं, की तिथेही आठच जण, आणि पुस्तकावर एकाचंही नाव नाही. हात आखडायला यापेक्षा चांगली सोय कोणती! पण बाहेर नाव नसलं तरी टेबलाभोवती प्रत्येक कागद कुणाचा हे माहीत होतं. आणि दुसरं असं, की प्रत्येकाजवळ असं काहीतरी होतं जे दुसऱ्याजवळ नव्हतं. एक कुठे नापास झाला, दुसऱ्याला कोणत्या वर्षी शेतावर जावं लागलं. ते त्याच्याकडूनच यायला हवं होतं.

आता आपला वर्ग घ्या. 2010 नंतर आकारिक मूल्यमापन आलं, प्रकल्प आणि उपक्रम गुणांत धरले जाऊ लागले. हेतू चांगला होता, मी त्याची टिंगल करणार नाही. पण ‘पाण्याचे स्रोत’ या प्रकल्पात पाच मुलांपैकी कोणाकडेही दुसऱ्याला माहीत नसलेलं काही नसतं. तयार चित्रं स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. मग काय होतं? जिचं अक्षर चांगलं ती मुलगी रात्री बसून लिहिते, धीट मुलगा पुढे येऊन बोलतो, एक जण थर्माकोल आणतो, आणि उरलेले दोघं फोटोत असतात. गुण सगळ्यांना सारखे. त्या लिहिणाऱ्या मुलीची चिडचिड मोठी माणसं ‘समजून घ्यायला शिक’ म्हणून झटकतात. तिची तक्रार मात्र अगदी न्याय्य आहे. आणि मला त्या फोटोतल्या दोघांची जास्त काळजी वाटते. आपण नसतो तरी चाललं असतं, हे त्यांना त्या दिवशी कळलेलं असतं.

पुस्तकाला डोक्यावर घेऊनही चालणार नाही. मिलानी कडक माणूस होता, आणि या ‘मी’मध्ये त्याचा आवाज ठिकठिकाणी ऐकू येतो. तो पूर्णपणे मुलांचा आहे असं मी म्हणणार नाही. लिहिणारे आठही मुलगे. मुली का येत नाहीत, याचा उल्लेख येतो आणि पुस्तक पुढे सरकतं. इतकी बारीक नजर असलेल्या मुलांनी तिथेच थांबायला हवं होतं, असं मला दर वेळी वाटतं. शिवाय त्यांच्याकडे दिवसच्या दिवस होते, आपल्या बाईंकडे एक तासिका असते.

चिठ्ठ्या आल्यात. पहिली एका शिक्षिकेची आहे : ‘साठ मुलं, एक तासिका, गुण तर द्यावेच लागतात. काय करू?’ बाई, एकच भाग उचला, कागदांचा. विषय असा द्या की प्रत्येकाला घरून काहीतरी आणावंच लागेल. तुमच्या घरी पाणी कुठून येतं, किती वाजता येतं, कोण भरतं. प्रत्येकाचा कागद वेगळा, त्यावर नाव, गुण त्या कागदाला. मग गटात बसून गठ्ठे लावू द्या, खोडू द्या, भांडू द्या. त्या भांडणाला गुण देऊ नका. दुसरी चिठ्ठी कुणाची आहे?