झगड्यातला फौजदार

भाऊबीज झाली की गोंदिया जिल्ह्यात मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. बाजार भरतो, लेकीबाळी माहेरी येतात, रात्री नाटक असतं आणि कितीतरी गावांत दिवसा खडी गंमत या लोककलेचा दुय्यम रंगतो. दोन शाहीर, दोन पार्ट्या, समोरासमोर. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने आपल्या बारीत तो सोडवायचा. सामना चुरशीचा, पण दोस्तीचा. याच धर्तीवर आता शाहिरी स्पर्धाही होतात; तिथे परीक्षक असतात, गुणपत्रिका असते. परीक्षक म्हणून अशा स्पर्धांना मी अधूनमधून बसतो. पोलीस, चोरी, दारू, फसवणूक या विषयांवरची गाणी तिथे अलीकडे फार वाढली आहेत. त्यातली बहुतेक कच्ची आहेत, आणि त्याचा बराचसा दोष आम्हा परीक्षकांच्या गुणपत्रिकेकडे जातो.

खडी गंमतीला गुन्हा नवा नाही. गणानंतर येणारी गवळण घ्या. मथुरेच्या वाटेवर कृष्ण गौळणींना अडवतो, दह्यादुधाचं दान मागतो, दिलं नाही तर मडकी फोडतो. गौळणी यशोदेकडे गाऱ्हाणं नेतात. वाटमारी, फिर्याद, सुनावणी, सगळं त्यात आहे. आरोपी साक्षात देव आणि न्याय करणारी त्याची आई; म्हणून निकाल काय लागणार हे ऐकणाऱ्याला आधीच माहीत असतं. तरीही तो कान देऊन ऐकतो, कारण शाहिराने गौळणीची तक्रार आणि कृष्णाचा बचाव दोन्ही तितक्याच ताकदीने बांधलेले असतात. गुन्ह्याचं गाणं रंगतं ते या दोन्हीकडच्या वकिलीमुळे.

आजची प्रबोधनगीतं ही वकिली करत नाहीत. ऑनलाइन फसवणुकीवरचं गाणं म्हणजे ओटीपी देऊ नका, 1930 वर फोन करा. महिलांच्या सुरक्षेवरचं गाणं म्हणजे 112 लावा. माहिती बरोबर आहे, हेतू चांगला आहे, गावाला तिची गरजही आहे. पण ज्याचे पैसे गेले त्या माणसाचं तोंड या गाण्यात दिसत नाही. धान विकून आलेली रक्कम खात्यातून गेल्यावर तो घरी काय बोलला, बायकोपासून किती दिवस लपवलं, ठाण्यात सांगताना त्याला लाज का वाटली, याबद्दल एक ओळ नसते. शेवटी पोलीसदादांचा जयजयकार होतो, प्रमुख पाहुणे टाळ्या वाजवतात आणि ‘विषयाची निवड’ या रकान्यात दहापैकी नऊ गुण पडतात.

याच्या अगदी उलट एक झगडा, म्हणजे शाहीर आणि नाच्या यांच्यातली गाण्यातली जुगलबंदी, मी ऐकला आहे. शाहीर झाला होता फौजदार आणि नाच्या झाला होता मोहाची दारू गाळणारी बाई. फौजदार तिचा सडवा, दारूसाठी आंबवलेली मोहफुलं, ओतून द्यायला आलेला. बाई विचारते, झाड माझ्या बांधावरचं, फूल मी वेचलेलं, आमच्या देवाला मोहाची धार लागते. मग चोरी कोणाची केली मी? तो कायदा सांगतो. ती म्हणते, शेजारी गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, मग इथून रात्री गाड्या भरून जातात त्या कोणाच्या? त्यावर फौजदार चिडत नाही. तो तिच्या नवऱ्याचं नाव घेतो. दारूने मेलेल्या नवऱ्याचं. इथे डफ थांबला, नुसतं तुणतुणं वाजत राहिलं, आणि नाच्याने पुढची ओळ एक मात्रा उशिरा उचलली. कोण जिंकलं ते त्या मांडवात कोणालाच सांगता आलं नसतं.

1949 चा दारूबंदी कायदा आणि मोहफुलं वेचण्या-नेण्यावरचे निर्बंध 2021 मध्ये उठवण्याचा सरकारी निर्णय, या दोहोंच्या मधली सगळी अडचण त्या झगड्यात आली होती. त्या पार्टीला बक्षीस मिळालं नाही. ‘संदेश स्पष्ट नाही’ असा शेरा पडला.

हा शेरा वाचून मला चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ आठवला. 2014 च्या त्या चित्रपटात नागपूरच्या वीरा साथीदारांनी शाहीर नारायण कांबळे उभा केला आहे. गाणं ऐकून एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप त्या शाहिरावर आहे. गाण्याचा परिणाम काय, एवढंच त्या न्यायालयाला हवं आहे. त्यातली लय, राग, वेदना कोणी ऐकत नाही. आमची गुणपत्रिकाही परिणामच विचारते. ती शिक्षेऐवजी बक्षीस देते इतकंच.

जमैकातल्या ज्युनियर मर्विनचं 1976 चं ‘पोलीस अँड थीव्ज’ हे गाणं आपल्या शाहिरांनी एकदा जरूर ऐकावं. रस्त्यावरचे पोलीस आणि रस्त्यावरचे गुंड, दोघांचीही दहशत त्यात आहे, आणि मर्विन ते बारीक, उंच, जवळजवळ लाडिक आवाजात गातो. आवाज चढवत नाही म्हणूनच भीती पोचते. पुढच्याच वर्षी लंडनच्या ‘द क्लॅश’ने तेच गाणं खणखणीत गिटारवर घेतलं, तेही टिकलं. शब्दांत खरा पेच असला की चाल बदलूनही गाणं उभं राहतं.

असा पेच आमच्याकडेही आहे. सालेकसा, देवरी, केशोरी या पट्ट्यात पोलीस आणि नक्षलवादी अशा बंदुकांच्या दोन बाजूंमध्ये सापडलेल्या माणसांनी कितीतरी वर्षं काढली. त्या काळावरचं एकही मोठं गाणं मी आमच्या स्पर्धांत ऐकलेलं नाही. आलं तर हुतात्मा जवानांना वंदन येतं. ते यावंच, पण दोन्हीकडून विचारपूस झालेल्या गावच्या पाटलाची, गुराख्याची, शिक्षकाची बारी कोण गाणार? ती गायला इथल्या झाडीबोलीसारखी दुसरी भाषा नाही, तिच्यात दुःख आणि टोमणा एकाच श्वासात मावतात. स्पर्धेत मात्र पार्ट्या पुस्तकी मराठीत शिरतात, आणि वर कीबोर्ड इतका मोठा लावतात की डफ ऐकू येत नाही.

म्हणून येत्या मंडईच्या हंगामाआधी आयोजकांना माझी विनंती आहे. ‘विषय’ आणि ‘संदेश’ हे दोन्ही रकाने काढा, ते गुण झगड्याला आणि हजरजबाबीपणाला द्या. ठाणेदारांना पाहुणे म्हणून सन्मानाने बोलवा, पहिल्या रांगेत बसवा, पण परीक्षक करू नका. आणि मांडवातल्या माणसांनी दहा-वीस रुपयांची बक्षिसं पुकारून ज्या पार्टीला उचलून धरलं, तिचं नाव निकाल लावताना एकदा तरी विचारात घ्या.