गावाला जायचे कपडे

दिवाळी अंकांतून आणि रविवारच्या पुरवण्यांतून एक तक्रार मी गेली काही वर्षे वारंवार वाचतो आहे. पूर्वी लोक प्रवासाला निघाले की नीट कपडे करीत. पुरुष कोट-टोपी घालीत, बायका ठेवणीतले लुगडे काढीत. आता विमानतळावरसुद्धा माणसे अर्ध्या चड्डीत आणि रबरी चपलांत हिंडतात. लेखासोबत बहुधा फलाटावर ताठ उभ्या असलेल्या एखाद्या आजोबांचे छायाचित्र असते आणि शेवटच्या परिच्छेदात संस्कार हा शब्द येतो.

या तक्रारीविषयी मला शंका आहे, आणि ती जुन्या पुस्तकांनीच निर्माण केली. मराठी प्रवासवर्णने आणि आत्मचरित्रे मी वीसेक वर्षे जमवून वाचतो आहे. यामागे कसलाही प्रकल्प नव्हता. जुन्या बाजारात ही पुस्तके स्वस्त मिळतात, एवढ्यावरून सुरुवात झाली. वाचताना समासात खुणा करण्याची सवय आहे, त्यात कपड्यांसाठी एक वेगळी खूण आहे. या खुणा एकदा सलग चाळल्या तेव्हा लक्षात आले की दुसऱ्यांच्या पोशाखाचे वर्णन करताना आमचे लेखक हात आखडत नाहीत. पगड्या, पागोटी, मडमांचे झगे, सगळे येते. पण आपण स्वतः काय घालून घराबाहेर पडलो हे त्यांतले फार थोडे सांगतात. जे सांगतात, त्यांचे कपड्यांपायी काही ना काही अडलेले असते, किंवा अडेल अशी धास्ती असते. प्रवासात माणूस काय घालतो हे वाटेत त्याला कोणाच्या नजरेचे भय आहे यावर ठरत आले आहे, असे माझे मत त्या खुणांवरून बनले.

रेल्वेच्या आधीची गोष्ट घ्या. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल, ही आशा. सापडले बंडाच्या धामधुमीत. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापला गेला आणि तेव्हापासून आपण तो झाशीच्या राणीसाठी वाचतो. मला त्यात एक फाटका, भुकेला, पुन्हा पुन्हा लुटला जाणारा वाटसरू दिसतो. त्या काळी चांगला कपडा अंगावर असणे म्हणजे वाटमाऱ्याला आमंत्रण. पैसा कमरेच्या कशात, आणि वर मळका अंगरखा. मुक्कामाला पोचल्यावर, यजमानापुढे उभे राहण्याआधी, बोचक्यातला धुतलेला कपडा काढायचा. हा क्रम फलाटावरच्या आजोबांच्या अगदी उलट आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली आणि पुढच्या काही दशकांत भीतीचा धनी बदलला. वाटमाऱ्याच्या जागी तिकीट-खिडकीतला बाबू, स्टेशनमास्तर, शिपाई आणि वरच्या वर्गाच्या डब्यातला साहेब आला. आता फाटके दिसणे धोक्याचे झाले. कोट आणि टोपी ही या नव्या वाटेवरची दस्तुरी होती. त्यातही सगळे एकसारखे नव्हते. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरांत गाडीचा प्रवास म्हणजे नखशिखांत विटाळ. तिथे प्रवासाला मुद्दाम जुनेर नेसून निघत. पोचल्यावर ते बाहेरच उतरवायचे, आंघोळ करायची, मगच घरात पाऊल. कोळशाच्या इंजिनाची काजळी नाका-कानांत जायची ती वेगळीच. ठेवणीतले लुगडे काजळीत घालायला कोणत्या घरची बाई तयार होईल, हा प्रश्न तक्रार करणाऱ्यांना कधी पडलेला दिसत नाही. छायाचित्रातले आजोबा छायाचित्रासाठी उभे आहेत. गाडीत बसल्यावर त्यांनी कोट काढून खुंटीला लावला असणार.

आमच्याकडे सत्तर-ऐंशीच्या दशकातही या जुन्या क्रमाचा अवशेष होता. एसटीच्या प्रवासात मातीने केस तांबडे व्हायचे, म्हणून आई आम्हाला विटक्या कपड्यांत बसवायची. आत्याच्या गावाच्या अलीकडच्या थांब्यावर गाडी पाणी घ्यायला उभी राही. तिथल्या हापशावर तोंडे धुऊन, पिशवीतले इस्त्रीचे सदरे चढवून आम्ही उरलेले चार मैल सुरकुती न पाडता, पाठ न टेकता काढत असू. एसटीतल्या अनोळखी लोकांसमोर कसेही दिसले तरी चालत होते. भीती होती ती आत्याच्या सासूची.

स्त्रियांच्या प्रवासात ही गोष्ट जास्त टोकदार होते. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या. त्याआधी सेरामपूरच्या सभेत त्यांनी आपण का जातो हे सांगितले, आणि हिंदू म्हणूनच जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊ असे जाहीर केले. त्या भाषणात हिंदुस्थानातल्याच रस्त्यांवर भोगलेल्या टवाळीचेही बोल आहेत. म्हणजे अमेरिका दूर होती, परीक्षा मुंबई-बंगालच्या रस्त्यावरच सुरू झाली होती. पुढे फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीचा प्रश्न उभा राहिला. नऊवारी चालायला, जिने चढायला, घोड्यावर बसायलासुद्धा सोयीची. प्रवासासाठी याहून चांगले वस्त्र आपल्याकडे झाले नाही असे मला वाटते. पण तिच्यात पोटऱ्या उघड्या राहतात. आनंदीबाई गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. आज हा बदल क्षुल्लक वाटतो. पण ज्या बाईने परत येताना होती तशीच येईन असा शब्द दिला आहे, तिच्यासाठी पोटरी झाकणे हाही घरी कळवण्याचा, समजावून सांगण्याचा विषय होता.

त्यांचे १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात साडीतल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबूली आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. वैद्यकीय महाविद्यालयातल्या समारंभाचा तो दिवस. हे छायाचित्र पाहून आपण अभिमानाने भरून येतो. मला मात्र त्यात आणखी एक नजर जाणवते. इथे साडीवरून टवाळी झाली, तिथे साडीचे प्रदर्शन झाले. दोन्हीकडे त्या बाईला केवळ प्रवासी म्हणून कोणी पाहिले नाही.

गांधींच्या आत्मकथेत कपड्यांचे उल्लेख इतके आहेत की त्यांतून वेगळे पुस्तक निघेल. १८८८ साली साउदॅम्प्टनला उतरताना राखून ठेवलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट त्यांनी घातला आणि पाहतात तो सप्टेंबरअखेरीस तसल्या कपड्यांत आपण एकटेच. यात निव्वळ फजिती आहे. १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डब्यातून ढकलून दिल्यावरचा प्रसंग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जोहान्सबर्गला पहिल्या वर्गाचे तिकीट मागायला ते फ्रॉककोट आणि नेकटाय घालून मुद्दाम स्वतः खिडकीवर गेले. तिकीट मिळाले. आणि १९१५ साली हिंदुस्थानात परतल्यावर त्याच माणसाने तिसऱ्या वर्गाच्या प्रवासासाठी सदरा, धोतर आणि आठ-दहा आण्यांची काश्मिरी टोपी हा वेश घेतला. गरीब म्हणून आपण सहज खपून जाऊ असा हिशेब ते स्वतःच सांगतात. गरिबाला गाडीत कसे वागवतात हे पाहायचे तर गरीब दिसायला हवे. आपली जुनी प्रतिष्ठेची वस्त्रे मनात आणू तेव्हा परत घालता येतील हे त्यांना ठाऊक होते. ज्याला वर चढता येते त्यालाच असे खाली उतरता येते. या वाक्याने कोणी दुखावले जाईल, पण पुढचे उदाहरण पाहिल्यावर मला ते मागे घ्यावेसे वाटत नाही.

ते उदाहरण डॉ. आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनातले. हस्तलिखितावरून ते १९९० मध्ये पुस्तिकारूपाने छापले गेले. त्याचे नावच प्रवासाचे आहे आणि त्यातले आत्मचरित्रात्मक प्रसंगही बहुतेक प्रवासातले, तरी आपल्या प्रवासवर्णनांच्या चर्चेत त्याचे नाव मी क्वचितच पाहिले.

साल १९०१. वडील सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदार. दुष्काळी कामावर तिथे तलाव खोदणे चालू होते. सुट्टीत मुलांना त्यांनी बोलावले. नऊ-दहा वर्षांचे भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीचे मुलगे असे निघाले. त्या प्रवासासाठी नवे कपडे केले. विलायती बनावटीचे सदरे, चकचकीत टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरे. आंबेडकर ही यादी हिशेबाच्या वहीत नोंद करावी तशी देतात. पहिल्यांदा वाचताना मला ती लहान मुलाची हौस वाटली. पुढचे पान उलटल्यावर यादीचा अर्थ बदलतो.

मसूर स्टेशनवर गाडीतून उतरले, पण न्यायला कोणी आले नव्हते; निघण्याचे पत्र वडिलांच्या हाती पोचलेच नव्हते. स्टेशनमास्तर जवळ आला, चौकशी केली. कपड्यांवरून, बोलण्यावरून मुले अस्पृश्यांची असतील असे कोणाच्या मनातही आले नसते. मास्तरला ती ब्राह्मणांची वाटली. त्याला कळवळा आला. मग त्याने रीतीप्रमाणे तुम्ही कोण म्हणून विचारले आणि मुलगा काही विचार न करता खरे बोलून गेला. मास्तरचा चेहरा पालटला. तो मागे सरला आणि निघून गेला. अर्ध्या तासाने परत आला, पण गाडीवान यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण कबूल झाला, तोही या अटीवर की बैल मुलांनीच हाकायचे, तो पायी बरोबर चालेल. डबे भरून अन्न होते, पाणी मात्र रात्रभर कोणी दिले नाही.

रेशीमकाठी धोतराने काम केले ते एवढेच, काही मिनिटांचे. प्रवासाच्या चांगल्या कपड्यांवर मराठी मुलुखात घडलेला याहून नेमका प्रसंग मला माहीत नाही. पुढे बडोद्यात पारशी धर्मशाळेतला प्रसंग येतो. पाच वर्षे युरोप-अमेरिकेत काढून आलेला हा विद्वान. खोलीत कोट-शर्ट उतरवून बसला असताना रखवालदार वर आला, आणि अंगात सदरा नाही, कमरेला कस्ती नाही, हे त्याने पाहिले. पारशी नाव सांगून तिथे राहता आले, पण अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. १९२९ मध्ये चाळीसगावला सरकारी समितीचे सभासद आणि बॅरिस्टर असूनही टांगेवाल्याने टांगा हाकायचे नाकारले. ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा माणसाच्या हाती लगाम गेला आणि टांगा उलटून पायाचे हाड मोडले. कोट होता, पदवी होती, हुद्दा होता.

आता पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’कडे वळलो (१९६०) तर हवाच निराळी. विलायतेला निघण्याआधीची तयारी आणि चहूकडून येणारे सल्ले हाच तिथे हसण्याचा विषय. सूट हा आता परकाया प्रवेशाचा गमतीचा खटाटोप. मी ते पुस्तक अनेकदा वाचले आहे आणि प्रत्येक वेळी हसलो आहे. पण मसूरच्या पानानंतर ते वाचले की दिसते, अशी थट्टा करायला मागे थोडी निर्धास्तता लागते. त्या पिढीच्या मध्यमवर्गाला ती नुकतीच मिळाली होती, आणि ‘अपूर्वाई’च्या प्रसन्नपणात तिचा मोठा वाटा आहे. समीक्षकांनी तो सगळा लेखकाच्या स्वभावाच्या नावावर जमा केला.

आजच्या अर्ध्या चड्डीचा उगम मला याच निर्धास्तपणात दिसतो. तिकीट मोबाइलवर आहे, बसायची जागा ठरलेली आहे, उतरल्यावर गाडी येणार आहे. कोणाला भ्यायचे? सुरक्षा तपासणीत पट्टा काढायचा, बूट काढायचे, खिसे रिकामे करायचे. त्यापेक्षा सैल आणि बिनबकलाचे बरे, हा हिशेबही त्यात आहे. तक्रार करणाऱ्यांना हे संस्कारांचे ढासळणे वाटते. मला ती एका भीतीची सुटका वाटते, आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही.

मात्र ही सुटका सगळ्यांना मिळालेली नाही. वातानुकूलित डब्याच्या दारात माझ्या पायजमा-सदऱ्याकडे पाहून एका सहप्रवाशाने जनरलचा डबा पुढे असल्याचे मला आपुलकीने सांगितले होते. ते सोडा, मला राग आला नाही. तिकीट खिशात होते. मुंबईच्या विमानतळावर रात्री दोनच्या सुमारास आखाताकडे जाणाऱ्या विमानांची रांग पाहावी. दहावी न झालेल्यांच्या पारपत्रावर स्थलांतर-तपासणी आवश्यक असल्याचा शेरा असतो. तिकडच्या ठरावीक देशांत नोकरीला जायचे तर आधी सरकारी मंजुरी लागते. त्या रांगेतल्या मुलांचे शर्ट नवे असतात, घडीच्या रेषा अजून उठून दिसतात. बूट नवे, चावणारे. केस पाणी लावून बसवलेले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. पलीकडच्या रांगेतून सुट्टीला निघालेले कुटुंब चपला फटफटवत पुढे जाते, आणि इकडे अधिकाऱ्याने मान वर केली की एकेक मुलगा कॉलर नीट करतो.