मोजपट्टी कोणाची?

भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 2005 साली ‘एच-निर्देशांक’ मांडला. ज्याच्या 20 शोधनिबंधांचा इतरांनी प्रत्येकी किमान 20 वेळा आधार घेतला, त्याचा निर्देशांक 20. हिशेब सोपा, म्हणून निवड समित्यांना तो भावला. परंतु जीवशास्त्रात असे उल्लेख भराभर साचतात, गणितात सावकाश. खुद्द हिर्श यांनीही हा शाखाभेद नोंदवला होता. लॉरी यांचा प्रथिने मोजण्याच्या पद्धतीवरील 1951 चा निबंध विज्ञानात सर्वाधिक उल्लेखिला गेला; कारण ती पद्धत प्रयोगशाळांना रोज लागे. तेवढ्यावरून लॉरी आइन्स्टाईनहून थोर ठरतात काय? मी मराठीत लिहिणारा अध्यापक. मराठी नियतकालिके या जागतिक सूचींत जवळजवळ नाहीतच. तेव्हा माझा सवाल साधा आहे : ज्यांना मोजलेच नाही, त्यांना शून्य कोणत्या अधिकाराने देता? आकड्याआधी निबंध वाचा.